एकशे अठ्ठेचाळीस दारं आणि एक टिंब

उंबरमाळावर त्या दिवशी सकाळ झाली, ऊन पडलं, पण एकही मधमाशी बाहेर आली नाही.

यमू पेरू खात पायरीवर बसली होती. घास तिच्या तोंडातच राहिला. समोरचा अख्खा डोंगरउतार कारवीच्या फुलांनी जांभळानिळा झाला होता. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. ती फुलली की सातेरी मधमाश्यांची नुसती झुंबड उडते, एवढी की बोलायचं तर मोठ्याने बोलावं लागतं. कालपर्यंत तसंच होतं. आज मात्र फुलं होती, ऊन होतं आणि सगळीकडे चिडीचूप.

"आजोबा!" यमूने हाक मारली. "आजोबा, माश्या कुठे गेल्या?"

आजोबा चहाचा कप घेऊन दारात आले. त्यांनी कान दिला आणि कप तिथेच कट्ट्यावर ठेवून ते उताराकडे जवळजवळ धावतच सुटले. त्यांच्या मागून यमू.

आजोबांचं नाव स्वप्नील उतेकर. हसू नका! गोष्ट आहे दोन हजार एकाहत्तर सालची. तेव्हाचे आजोबा स्वप्नील, अमेय आणि निखिल असेच असणार, दुसरं काय? आणि त्यांच्या अकरा वर्षांच्या नातीचं नाव यमुना, कारण तोवर जुनी नावं फिरून फॅशनमध्ये आली होती. यमू पुण्याहून गणपतीच्या सुट्टीत उंबरमाळावर आली होती.

उतारावर ओळीने एकशे अठ्ठेचाळीस मधपेट्या होत्या. प्रत्येक पेटीला बोटभर रुंदीचं दार आणि ते सरकवणारी इवलीशी मोटर. यमूने पहिल्या पेटीपाशी वाकून पाहिलं. दार बंद होतं. दुसरीचं बंद. तिसरीचंही! तिने पेटीला कान लावला. आत नुसता कल्लोळ चालला होता.

"कोंडल्यात बिचाऱ्या," आजोबा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "यमू, ऊन तापायच्या आत दारं उघडायला हवीत. नाहीतर आतल्या आत गरम होऊन मरतील. मी मोटरींचा वीजपुरवठा तोडतो. तू प्रत्येक दाराखालचा खटका वर उचल. पण थांब! ज्या पेटीवर लाल दिवा लागलाय, तिला हात लावू नकोस. ती आजारी आहे. तिच्यामागची हवेची जाळी मी उघडतो."

लाल दिवे फक्त दोन पेट्यांवर होते, एकतीस आणि सत्त्याण्णव. बाकी एकशे सेहेचाळीस दारं दोघांनी हाताने उघडली. दार उघडलं की माश्या पिचकारीसारख्या बाहेर पडत. यमूला तीन चावल्या, आजोबांना किती ते त्यांनी मोजलंच नाही. शेवटचं दार उघडेपर्यंत साडेनऊ वाजले. उतार पुन्हा गुणगुणू लागला, पण काही पेट्यांच्या तळाशी मेलेल्या माश्यांचा थर होता. आजोबांनी त्या ओंजळीत घेतल्या आणि कारवीच्या मुळाशी ठेवल्या. यमूला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

घरी आल्यावर आजोबा संगणकासमोर बसले. पडद्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलंय. रेयांश म्हणतो ते खरं आहे."



रेयांश म्हणजे यमूचे बाबा. दुपारी ते पुण्याहून येणार होते, आणि ते कशासाठी येणार हे यमूला ठाऊक होतं. आई-बाबांचं बोलणं तिने ऐकलं होतं. आजोबा विसरायला लागलेत. गेल्या महिन्यात त्यांनी पाणी न घालताच चहाचं भांडं शेगडीवर ठेवलं. फोनवर यमूला दोनदा आत्याच्या नावाने हाक मारली. "पप्पांना एकटं ठेवणं आता धोक्याचं आहे," बाबा म्हणाले होते. "मी जाऊन बघतो. खरंच चुका होत असतील तर सरळ पुण्याला घेऊन येतो."

माश्यांवाचून आजोबा पुण्याच्या दहाव्या मजल्यावर काय करणार? म्हणून आठवडाभर यमू त्यांच्या मागे मागे फिरत होती. शेगडी बंद केली का बघायची, चष्मा जागेवर ठेवायची, दाराची कडी पुन्हा तपासायची. आजोबांची चूक बाबांच्या नजरेला पडताच कामा नये, असा तिने चंगच बांधला होता. आणि आता ही एवढी मोठी चूक!

"आजोबा," ती त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसली, "हे सगळं चालतं कसं ते मला सांगा. आपण दोघं मिळून शोधू."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. एरवी असं कुणी विचारलं की त्यांची कळी खुलायची. आज ते नुसतेच हसले, पण सांगायला लागले.

"ठमी माहीत आहे ना तुला?"

माहीत नसायला काय झालं! ठमी म्हणजे आजोबांची चाकांवर चालणारी यंत्रबाई. रोज संध्याकाळी ती ठुमकत ठुमकत सगळ्या पेट्यांपाशी जाई, वास घेई, वजन करी आणि आपल्याशीच पुटपुटत परत येई.

"ठमी प्रत्येक पेटीची एक नोंद लिहिते. पेटीचा क्रमांक, वजन आणि आजारी आहे का, हो की नाही. अशा एकशे अठ्ठेचाळीस नोंदी एकाखाली एक रचल्या की झाली फाइल (नोंदींची चळत). पहाटे, माश्या उठायच्या आधी, माझा प्रोग्रॅम (यंत्राला करायच्या कामांची लिहून दिलेली यादी) ती फाइल वाचतो. आजारी पेटीवर लाल दिवा लावतो आणि तिचं दार बंद करतो, म्हणजे तिथल्या माश्या शेजारणींकडे रोग घेऊन जाणार नाहीत."

"आणि हा प्रोग्रॅम कुठल्या भाषेत आहे?"

"कोबॉल," आजोबा म्हणाले. "शंभर वर्षांहून जुनी भाषा आहे. मी तरुणपणी एका मोठ्या कचेरीत होतो, तिथे शिकलो. तेव्हासुद्धा लोक हसायचे, म्हणायचे ही म्हातारी भाषा कशाला शिकतोस? पण मला ती आवडली. तिच्यात माणसासारखी वाक्यं लिहितात. मी नावंसुद्धा मराठी ठेवलीत बघ."

यमूने पडद्याकडे पाहिलं. तिने तो काल संध्याकाळीही पाहिला होता, पण तेव्हा तिला त्यातलं काही कळलं नव्हतं.

"तुमच्या शाळेत अजून हजेरीपट आहे का गं?" आजोबांनी विचारलं.

"आहे की! खांबेटेबाई अजून कागदाचाच वापरतात."

"मग सोपं आहे. बाई वर्गात आल्या की आधी काय करतात?"

"हजेरीपट उघडतात."

"कोबॉलमध्येही फाइल आधी उघडावी लागते. आणि उघडतानाच सांगावं लागतं, कशासाठी उघडतोय. 'ओपन इनपुट' म्हटलं तर फक्त वाचायला. 'ओपन एक्स्टेंड' म्हटलं तर शेवटी नवीन ओळी जोडायला. आणि 'ओपन आउटपुट' म्हटलं तर कोरी वही! आधीचं असेल नसेल ते सगळं पुसून."

"बाप रे! मग तसं झालं असेल का?"

"नाही. तसं झालं असतं तर एकही दिवा लागला नसता. पुढे सांग. हजेरीपट उघडल्यावर?"

"एकेक नाव घेतात."

"एकेक! सगळा वर्ग एकदम नाही. त्याला 'रीड' म्हणतात. एका वेळी एक नोंद. ती वाचली, तिचं काम केलं, की पुढची. शेवटचं नाव झालं की?"

"बाई थांबतात."

"बाईंना दिसतं की नावं संपली. यंत्राला ते सांगून ठेवावं लागतं. 'रीड'च्या पुढे 'अ‍ॅट एंड' लिहायचं, म्हणजे नोंदी संपल्या तर काय करायचं ते. आणि सगळ्यात शेवटी 'क्लोज', फाइल मिटायची. उघडलं ते मिटवायचं."

हे सांगता सांगता आजोबांचा आवाज भरदार झाला होता. यमूला बरं वाटलं. विसरणारा माणूस असं सांगू शकेल का?

तिने बोटावर मोजत विचार केला. "फाइल नीट उघडली. नोंदी नीट वाचल्या. कारण लाल दिवे बरोबर दोनच लागले. म्हणजे कोण आजारी आणि कोण ठणठणीत, हे यंत्राला कळलं होतं."

"शाब्बास."

"तरी दारं सगळ्यांची बंद केली! कळूनसुद्धा केली. असं कसं?"

"तेच तर," आजोबा म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला आणि पडद्यावर बोट ठेवलं. "ती जागा इथे आहे. 'इफ' म्हणजे जर. 'परफॉर्म' म्हणजे हे काम कर."

तिथे तीन ओळी होत्या.

इफ आजारी = 'हो'
    परफॉर्म लाल-दिवा.
    परफॉर्म दार-बंद.

 आजोबा वाकून पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"हे टिंब," ते म्हणाले. "लाल-दिव्यापुढचं हे टिंब इथे कसं आलं?"

"टिंबाने काय होतं?" यमूने विचारलं, पण तिचा आवाज तिलाच खोल गेल्यासारखा वाटला.

"कोबॉलमध्ये टिंब म्हणजे पूर्णविराम, आणि पूर्णविराम म्हणजे खरोखरच पूर्ण विराम! आधी जे जे सुरू केलं असेल ते सगळं तिथे संपतं. 'जर'सुद्धा. बघ, मी लिहिलं होतं: जर पेटी आजारी असेल तर दिवा लाव आणि दार बंद कर. मध्ये टिंब नाही, म्हणून दोन्ही कामं त्या 'जर'च्या पोटात. आता टिंब आल्यावर काय वाचशील?"

यमूने सावकाश वाचलं. "जर पेटी आजारी असेल तर दिवा लाव. पूर्णविराम. दार बंद कर. पूर्णविराम."

"कुणाचं दार?"

"जिची नोंद वाचली तिचं. प्रत्येकीचं."

"प्रत्येकीचं," आजोबा म्हणाले. "ती ओळ थोडी आत सरकवून लिहिली आहे, म्हणून तुला-मला वाटतं की ती 'जर'च्या खाली आहे. पण यंत्र समास बघत नाही. यंत्र टिंब बघतं." ते मागे टेकले. एकदम थकल्यासारखे दिसायला लागले. "हे मी कधी दिलं, मला आठवतसुद्धा नाही गं. गेली वीस वर्षं हा प्रोग्रॅम चालतोय. एवढी साधी गोष्ट! आता मात्र बास. आज रेयांशबरोबर निघतो मी."

यमूच्या कानात गुणगुण सुरू झाली, आणि ती माश्यांची नव्हती.

टिंब आजोबांनी दिलंच नव्हतं.

काल संध्याकाळी आजोबा फिरायला गेले होते. पडदा उघडा होता. यमूने सहज पाहिलं तर बहुतेक वाक्यांपुढे पूर्णविराम होता आणि एका वाक्यापुढे नव्हता. गेल्या सहामाहीत खांबेटेबाईंनी विरामचिन्हांचे सहा गुण कापले होते, तेव्हापासून यमूची नजर त्या बाबतीत भलतीच तयार झाली होती. 'जर आजारी असेल' हे अर्धं वाक्य, तिथे पूर्णविराम नको. पण 'दिवा लाव' हे तर पुरं वाक्य! आजोबा विसरले, तिने मनाशी म्हटलं. बाबांनी पाहिलं तर? तिने पटकन टिंब दिलं, जतन केलं आणि आपण आजोबांना वाचवलं म्हणून खूश होऊन झोपायला गेली. मराठीच्या पेपरात तिला त्या टिंबाबद्दल पूर्ण गुण मिळाले असते.

सांगायला हवं होतं. आत्ता, या क्षणी. पण ओंजळभर मेलेल्या माश्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

बाबा आत आले. दोघांचे सुजलेले हात आणि पडलेले चेहरे पाहून दारातच थबकले. "काय झालं पप्पा?"

"माझी चूक झाली रे," आजोबा म्हणाले. "दारं सगळी बंद झाली. पाच-सहाशे माश्या गेल्या. तू म्हणत होतास ना, तसंच झालं. मी कपडे भरतो."

ते उठलेसुद्धा. आतल्या खोलीकडे दोन पावलं गेले. बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दोघांना तसं पाठमोरं पाहिलं आणि यमू ओरडली, "मी केलं ते! टिंब मी दिलंय!"

दोघे वळले.

"मला वाटलं आजोबा विसरले. म्हणून मी काल दिलं. बाबांना चूक दिसली तर ते तुम्हाला घेऊन जातील म्हणून." पुढचं तिला हुंदक्यांमुळे नीट बोलता येईना. "माश्या माझ्यामुळे मेल्या. आजोबा काही विसरले नव्हते."

 आजोबा परत आले आणि तिच्यासमोर खाली बसले, गुडघे कुरकुरत असतानाही.

"तू माझी चूक झाकायला गेलीस?"

यमूने मान हलवली.

"वेडी गं वेडी," ते म्हणाले आणि त्यांनी तिला जवळ घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. "माश्यांचं वाईट वाटतंय ना? मलाही वाटतंय. ते वाटलंच पाहिजे. पण तू आत्ता बोलली नसतीस तर मी स्वतःवरचा विश्वास इथेच टाकून निघालो असतो. तो कुठे परत मिळाला असता मला?"

बाबा स्टुलावर बसले. "बरं," ते म्हणाले, "यमूने कबूल केलं, चांगलं केलं. पण पप्पा, मला एक सांगा. एका टिंबाने एकशे अठ्ठेचाळीस दारं बंद होतात, आणि ते टिंब कुठे असावं हे जगात फक्त तुम्हाला माहीत आहे. उद्या खरंच तुमच्या हातून पडलं तर? पडणार नाही असं म्हणू नका."

आजोबांनी वाद घातला नाही. "पडेल. मी विसरतो हल्ली, तेही खरं आहे," ते म्हणाले. यमूने त्यांचा हात घट्ट धरला.

"मग 'जर' कुठे संपतो ते यंत्राला टिंबाशिवाय सांगता येत नाही का?" तिने नाक पुसत विचारलं. "म्हणजे सरळ शब्दांत? 'जर संपला' असं?"

 आजोबांनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागले.

"येतं की! 'एंड-इफ'. माझ्या जन्माच्याही आधीपासून आहे ते. 'रीड'साठी 'एंड-रीड' आहे. ज्या कामाला तोंड आहे त्याला शेपूट द्यायची. कचेरीतले सगळे तसंच लिहायचे. पण मला शिकवणारे साहेब जुन्या वळणाचे, सगळं टिंबावर चालवणारे. मी पण हट्टी. म्हटलं, मला शेपट्या लागत नाहीत, माझं टिंब मला कळतं! चाळीस वर्षं तोच तोरा."

"आजोबा, तुम्ही पण ना!" यमू म्हणाली.

मग दुपारभर काम चाललं. आजोबा सांगत आणि यमू टंकत होती. प्रत्येक 'इफ'ला 'एंड-इफ', प्रत्येक 'रीड'ला 'एंड-रीड', मधली सगळी टिंबं काढायची आणि कामांच्या अख्ख्या परिच्छेदाला शेवटी एकच टिंब. एकदा आजोबा 'क्लोज' म्हणायला विसरले तेव्हा यमूनेच आठवण केली, "हजेरीपट मिटा, आजोबा." ती हे लपवून नाही, मोठ्याने म्हणाली, आणि आजोबांना त्याचं काही वाटलं नाही.

इफ आजारी = 'हो'
    परफॉर्म लाल-दिवा
    परफॉर्म दार-बंद
एंड-इफ

"आता तुझं ते टिंब परत दे बघू," आजोबा म्हणाले.

"नको!"

"दे गं. मोटरींची वीज बंदच आहे."

यमूने घाबरत घाबरत लाल-दिव्यापुढे टिंब दिलं आणि प्रोग्रॅम चालवायची कळ दाबली. प्रोग्रॅम चाललाच नाही. पडद्यावर ओळ उमटली. आजोबांनी तिचं मराठी करून सांगितलं, "यंत्र म्हणतंय, हा 'एंड-इफ' कुणाचा? याचा 'इफ' तर मघाशीच संपला!"

बाबा पुढे झुकले. "म्हणजे टिंबाने 'जर' आधीच संपवला, आणि शेपूट उघडी पडली?"

"बरोबर. आधी ते टिंब गुपचूप सगळं बदलून टाकत होतं. आता यंत्र अडतं, विचारतं. एकही दार हलत नाही." आजोबांनी यमूच्या डोक्यावर हात ठेवला. "मी चुकलो काय, ही चुकली काय, ते आता दारांपर्यंत जाण्याआधी कळेल."

यमूने टिंब काढलं आणि पुन्हा चालवून पाहिलं. एकतीस आणि सत्त्याण्णव, दोनच क्रमांक पडद्यावर आले. आजोबांनी मोटरींचा वीजपुरवठा जोडला. तिघेही खिडकीशी जाऊन उभे राहिले. उतारावरची गुणगुण तशीच चालू होती. कुठेही खट्ट असा आवाज झाला नाही.

 बाबा म्हणाले, "पप्पा, तुम्ही इथेच राहा. पण आता तुम्ही एकटे सांभाळायचं नाही. दर पंधरा दिवसांनी मी येणार, यमू सुट्टीत येणार, आणि शेगडीला आपोआप बंद होणारी कळ मी आजच बसवून जातो. आणि हे जे लिहिलंय ते मलाही वाचता आलं पाहिजे."

 आजोबांनी मान हलवली, दोनदा. मग पटकन संगणकाकडे गेले आणि प्रोग्रॅमच्या अगदी वरच्या टोकाला पोचले. तिथे कोबॉलच्या रिवाजाप्रमाणे लिहिणाऱ्याचं नाव होतं: स्वप्नील उतेकर. त्यांनी दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, पुढे लिहिलं: यमुना उतेकर.

 यमूने ते नाव तीनदा वाचलं.

"आणि माझं?" बाबांनी विचारलं.

"तुझं कशाला? तू आधी एक ओळ तरी लिही," आजोबा म्हणाले.

"कुठली लिहू?"

यमू उठली आणि तिने आपली जागा त्यांना दिली. "फाइल उघडण्यापासून सुरुवात करा, बाबा," ती म्हणाली. "आणि आउटपुट म्हणू नका हं, सगळं पुसलं जाईल."

बाबांनी बाह्या वर सरकवल्या आणि खुर्ची पुढे ओढली.